माजी सैनिकांसाठी सर्व्हिस डॉग देणारी संस्था खरी की नुसती कागदावरची, कसं ओळखायचं? (सोलापूर)

फौजीची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा, घरात कुणाशी बोलावं कळेना म्हणून इथं विचारायलेय.

माझे अप्पा आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता वय ६१. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली पण रात्रीची झोप अशी त्यांना नाहीच. दीड-दोनला दचकून उठतात, बनियन घामानं चिंब झालेला असतो, मग अंगणात खुर्ची टाकून उजाडेपर्यंत बसून राहतात. गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाची रात्र असली की दार खिडक्या लावून आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात. लहानपणी मला वाटायचं अप्पांना यात्राच आवडत नाही.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात एका संस्थेची माणसं आली होती. पीटीएसडी, म्हणजे लढाईसारख्या भयानक अनुभवानंतर मागं राहणारा मानसिक त्रास, असलेल्या फौजींना ट्रेन केलेला लॅब्रॉडॉर देतो म्हणाले. स्वप्न पडलं की कुत्रा उठवतो, घाबरल्यावर अंगावर वजन टाकून शांत करतो, गर्दीत मागं उभा राहतो. व्हिडिओ दाखवले, अप्पा चक्क पूर्ण व्हिडिओ बघत होते, कधी नव्हे ते. पण संस्था अडीच लाख "देणगी" मागतेय, पन्नास हजार आधी. सोबत सोनेरी शिक्क्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, अमेरिकेत रजिस्टर्ड असल्याचं क्यूआर कोडवालं कार्ड, लाल जॅकेट (ते घातलं की कुत्र्याला कुठंही जाऊ देतात म्हणे) आणि आयएसओचा कागद. तीन महिन्यांत कुत्रा हातात म्हणे.

पैशाचं मी कसंतरी बघीन. पण हे सर्टिफिकेट नेमकं कोण देतं, कशावर देतं, हे कुणाला माहितीय का? अप्पांनी आशा लावून घेतलीय, ती मोडायची भीती वाटते मला.

कारवानवाला_मंगळवेढा

ताई लॅब्रॉडॉर कशाला, आपल्याकडं कारवानी कुत्रं आहे की, मुधोळ हाउंड म्हणतात तेच. आर्मीनं सुद्धा मेरठला नेऊन ट्रेनिंग दिलंय त्यांना. आपल्या उन्हात टिकतं, आजारी कमी पडतं, आणि एक माणूस धरलं की त्याचंच होऊन राहतं. माझ्याकडं तीन पिढ्या आहेत, पिल्लू फुकट देतो फौजीसाठी, मनापासून सांगतो.

सॅन_अँटोनिओचा_सोलापूरकर

ताई, मी मूळचा नवी पेठेतला, सध्या टेक्सासमध्ये. इथं शेजारीच एक माजी सैनिक सर्व्हिस डॉगसोबत राहतो त्यामुळं हा विषय जवळून बघितलाय, जेवढं पक्कं माहितीय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ते "अमेरिकेत रजिस्टर्ड" कार्ड. अमेरिकेत सर्व्हिस डॉगचं सरकारी रजिस्टर असं काही नाहीच. इथला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा आहे, एडीए म्हणतात त्याला, त्यात कुत्र्याला सर्टिफिकेट लागतच नाही. दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो, हा कुत्रा अपंगत्वामुळं लागतो का आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. ऑनलाइन पैसे भरून मिळणाऱ्या कार्डाला काही अर्थ नाही हे इथलं न्याय खातं स्वतः सांगतं. म्हणजे तुम्हाला दाखवलेलं कार्ड इथं टेक्सासमध्येही चालणार नाही, सोलापुरात तर सोडूनच द्या.

मग खरं काय असतं? तर संस्थेची मान्यता. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल म्हणून एक संघटना आहे, एडीआय, १९८६ मध्ये सुरू झालेली. गाइड डॉगसाठी, म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांसाठी, वेगळी आंतरराष्ट्रीय फेडरेशन आहे, १९८९ ची. एडीआय कुत्र्याला सर्टिफिकेट देत नाही, जी संस्था कुत्रे तयार करते तिला मान्यता देते, हा फरक नीट लक्षात घ्या. त्यांचे तपासनीस संस्थेत येतात, कुत्रे कुठं ठेवलेत, कागदपत्रं कशी आहेत, आधी ज्यांना कुत्रे दिले ती माणसं काय सांगतात, सगळं बघतात, आणि दर पाच वर्षांनी ही तपासणी पुन्हा. संस्था ना-नफा असावी लागते. अजून एक मेख अशी की "कॅन्डिडेट" सदस्य आणि मान्यताप्राप्त सदस्य वेगळे. कॅन्डिडेट म्हणजे अजून वाटेवर आहे, परीक्षा पास नाही. एडीआयच्या साइटवर देशावार शोधता येतं, संस्थेचं नाव स्वतः टाकून बघा, त्यांनी दिलेल्या लिंकवरून नको.

इथलं माजी सैनिकांचं खातं, व्हीए, कुत्रा विकत घेऊन देत नाही. कुत्र्याच्या दवाखान्याचा विमा देतं, पण २०१२ च्या नियमाप्रमाणं कुत्रा एडीआय किंवा गाइड डॉग फेडरेशनची मान्यता असलेल्या संस्थेकडून आलेला असेल तरच. कुत्रा नीट तयार केलेला असणं किती गरजेचं, त्याचं एक उदाहरण सांगतो. संसदेनं सांगितल्यावर व्हीएनं २०११ च्या सुमारास पीटीएसडीवर कुत्र्यांचा किती उपयोग होतो याचा अभ्यास सुरू केला आणि सुरुवातीच्या काही कुत्र्यांनी घरातल्या लहान मुलांनाच चावा घेतला. अभ्यास थांबवावा लागला, पुढं अटी कडक करून परत सुरू केला, निकाल यायला २०२१ उजाडलं. तुमच्या घरात लहान मूल असेल तर हे विशेष करून सांगतोय.

माझा शेजारी म्हणतो कुत्र्यानं त्याला माणसात आणलं, मी ते डोळ्यांनी बघितलंय. २०२४ मध्ये १५६ माजी सैनिकांवरचा अभ्यास छापून आला, त्यात तीन महिन्यांनी सर्व्हिस डॉग मिळालेल्यांमध्ये पीटीएसडीचं निदान कायम राहण्याची शक्यता बरीच कमी दिसली. पण त्या सगळ्यांची नेहमीची ट्रीटमेंट चालूच होती हो. कुत्रा हा औषधाच्या जागी नाही, औषधासोबत.

श्वानपथक_निवृत्त

जय हिंद बेटा. मी रिमाउंट व्हेटर्नरी कोरमध्ये डॉग हँडलर होतो, मेरठला ट्रेनिंग, पुढं बरीच वर्षं उत्तरेकडं. आता बार्शीला असतो. तुझ्या अप्पांना माझा रामराम सांग आणि हेही सांग की रात्री अंगणात खुर्ची टाकून बसणारे ते एकटे नाहीत.

आधी कारवानवाल्या दादांना उत्तर देतो, कारण मन चांगलं आहे त्यांचं. दादा, तुमची जात मला पण आवडते, पण ते नजरेवर पळणारं शिकारी कुत्रं आहे. समोरून मांजर पळालं की ते धावणार, आणि त्याच वेळेला अप्पांना घाबरायला झालं तर? फौजेत आपल्याला जोश असलेला कुत्रा लागतो, बारूद हुंगायला, माग काढायला. या कामाला लागतो तो उलटा, कशानंच फार न हलणारा. म्हणून रिटायर झालेला आर्मी डॉग सुद्धा यासाठी आपोआप चालत नाही, लोकांना वाटतं चालतो.

आता तीन महिन्यांचं. बेटा, तीन महिन्यांत बस, उठ, थांब होतं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरात घ्यायचं, वर्ष-सव्वा वर्ष नुसतं माणसांत, बाजारात, जिन्यात, गाडीत वावरायला शिकवायचं, मग पुढं सहा महिने तरी खऱ्या कामाचं ट्रेनिंग, असं धरलं तर कुत्रा दोन वर्षांचा होतो तेव्हा कुठं हातात देण्याजोगा. आणि त्यातले बरेच मधेच गळतात, कुणी भित्रा निघतो, कुणाच्या कमरेत दोष. बाहेरच्या मानकांत किमान १२० तासांचं ट्रेनिंग सहा महिन्यांत पसरून, त्यातले ३० तास तरी बाहेर लोकांत, असं सांगितलेलं आहे, आणि मालकाच्या अपंगत्वाशी संबंधित निदान तीन कामं यायला पाहिजेत. संस्थेला विचार, किती कुत्रे घेतले आणि किती बाद केले. एकही बाद केला नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही.

तिथं जाशील तेव्हा एक कर. स्टीलचं ताट घेऊन जा. कुत्रा शांत उभा असताना त्याच्या मागं पाच-सहा पावलांवर ते फरशीवर पाड. दचकेल, दचकू दे, जिवंत जनावर आहे. त्यानंतर काय करतो ते बघ. कान मागं गेले आणि दोन-तीन सेकंदांत वळून ताट हुंगायला आला तर कुत्रा चांगला. शेपूट पोटाखाली घालून पट्टा ओढत कोपरा शोधायला लागला, किंवा भुंकत अंगावर गेला, तर पुढं काही बघायची गरज नाही. ज्या माणसाला फटाक्याचा त्रास आहे त्याला फटाक्याला घाबरणारा कुत्रा देणं हे पाप आहे.

अजून एक, "मालकाचं रक्षण करतो" असं म्हणत असतील तर तिथनंच परत ये. सर्व्हिस डॉगला गुरगुरायला, अंगावर जायला शिकवायचंच नसतं, एडीआयच्या नियमात स्पष्ट मनाई आहे. मागं उभा राहणं म्हणजे फक्त अंतर ठेवून देणं, पहारा देणं नव्हे.

ट्रस्टचा_हिशेब

कुत्र्यातलं मला कळत नाही, कागदातलं कळतं. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, कुत्रा कसा शिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही. केनेल क्लबचा कागद दाखवला तर तो वंशावळीचा असतो, तोही ट्रेनिंगचा नाही. संस्था महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात नंबर असतोच, तो मागा. आणि "देणगी" म्हणतायत तर ८० जी ची पावती, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती, देणार का विचारा. खरं सांगायचं तर कुत्रा मिळावा म्हणून दिलेले पैसे ही देणगी होत नाही, ती किंमत झाली. पावतीवर काय लिहिणार हे ऐकूनच अर्धं चित्र कळेल तुम्हाला. पन्नास हजार रोख अजिबात देऊ नका.

सैफुलची_आई

मी कधी लिहित नाही पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या दिरांसाठी, ते पण फौजी, पाय अधू झालाय त्यांचा, तीन वर्षांपूर्वी आम्ही असाच एक ट्रेन केलेला कुत्रा घेतला होता दुसऱ्या गावच्या एका माणसाकडून, नाव घेत नाही. पहिले पंधरा दिवस पडलेली काठी उचलून द्यायचा, सगळी गल्ली बघायला यायची. नंतर हळूहळू सगळं विसरला, कारण रोज सराव कसा घ्यायचा हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. फोन केला की तो माणूस म्हणायचा तुम्ही लाड करून बिघडवला. पुढं फोनच उचलेना. कुत्रा आजही आमच्याकडं आहे, जीव लावलाय सगळ्यांनी, पण दिरांना वाटतं चूक त्यांचीच, आपल्याच्यानं एक कुत्रं पण सांभाळणं झालं नाही म्हणून. तेच जास्त लागतं मनाला. ताई, नंतर कोण येणार ते आधी विचारा.

पशुवैद्य_होटगीरोड

सैफुलच्या ताईंनी लिहिलंय तेच मी शंभर वेळा क्लिनिकमध्ये बघितलंय. मान्यताप्राप्त संस्थांमध्ये माणसालाही ट्रेनिंग असतं, कुत्रा आणि माणूस एकत्र राहून शिकतात, शेवटी दोघांची मिळून बाहेरच्या जागी परीक्षा होते, आणि पुढं कुत्रा काम करतोय तोवर संस्था ठरलेल्या वेळाने विचारपूस करते. जमलं नाही तर कुत्रा परत घ्यायची जबाबदारी कुणाची हेही लेखी असतं. हा कागद बाकी सगळ्या शिक्क्यांपेक्षा मोठा.

माझ्या बाजूचं सांगतो. लॅब्रॉडॉर असेल तर कमरेच्या सांध्याचा एक्सरे मागा, या जातीत तो दोष बराच दिसतो आणि पक्कं निदान दोन वर्षांच्या आसपास होतं. वजन टाकून शांत करणारा, जिने चढणारा कुत्रा चार वर्षांचा होऊन लंगडायला लागला तर काय? रेबीजचं लसीकरण, नसबंदी, मायक्रोचिप, गोचीड तापाची रक्त तपासणी, हे सगळं नावानिशी हातात पाहिजे. आणि सोलापूरचा मे महिना विसरू नका, डांबरी रस्त्यावर हाताचा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचे पाय भाजणार हे नक्की. थंड हवेत वाढवलेला कुत्रा इथं दुपारी बाहेर काम करू शकत नाही, संस्थेनं ते आधी सांगायला पाहिजे.

कुठंही जाऊ देतात हे पण अर्धवट आहे. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावे लागते, नाहीतर ब्रेकव्हॅन, म्हणजे सामानाचा डबा. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना चेअरकारमध्ये तो तुमच्या पायाशी बसणार नाही. जॅकेट घालून हे बदलत नाही.

फौजीची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रत्येकाचं चार-चार वेळा वाचलंय. काल अप्पांना घेऊन त्यांच्या सेंटरला जाऊन आले. काका, ताट पिशवीत घेऊन गेले होते मी.

आठ पिंजरे होते, पत्र्याच्या शेडखाली. पाणी होतं, स्वच्छता बरी होती, खोटं कशाला बोलू. दाखवायला आणलेला कुत्रा सुंदर होता, पिवळा लॅब, "ब्रूनो बैठ" म्हटलं की लगेच बसायचा. ट्रेनरचं लक्ष फोनकडं गेलं तेव्हा मी ताट पाडलं. ब्रूनो इतका घाबरला की त्यानं शी केली तिथंच, आणि पिंजऱ्याच्या जाळीला अंग घासत थरथरत राहिला. ट्रेनर त्याच्यावर ओरडला. ब्रूनोच्या गळ्यात आतून काटे असलेली साखळी होती, ओढल्यावर मला ती दिसली.

अप्पा काहीच बोलले नाहीत. पुढं गेले, गुडघ्यावर बसले, गुडघा दुखतो तरी, आणि लांबूनच हात जमिनीवर ठेवून थांबले. पाच-सात मिनिटं गेली असतील. ब्रूनो हळूहळू आला आणि त्यांच्या हाताखाली डोकं घातलं त्यानं. अप्पा ट्रेनरला एवढंच म्हणाले, "ह्याला आवाजाची भीती आहे, ह्याच्याकडनं काम नका करून घेऊ."

मग मी एकेक विचारलं. एडीआयचं नाव घेतल्यावर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले, साइटवर मान्यताप्राप्त सोडा, कॅन्डिडेटमध्ये पण नाव सापडलं नाही. किती बाद केले? "आमचा एकही फेल जात नाही." डॉक्टरचा रिपोर्ट लागतो का? नाही. यावर मला सगळ्यात जास्त राग आला, अप्पांना काय होतंय हे एकाही माणसानं विचारलं नाही, सरळ रंग कोणता पाहिजे पिवळा का काळा. नंतर घरी कोण येणार, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. परत घ्यायचं लेखी द्या म्हटलं तर साहेब आल्यावर बघू. पैसे दिले नाहीत.

येताना सात रस्त्यापर्यंत दोघं गप्प. मला वाटलं आशा मोडली. तर घरी आल्यावर चहा पिता पिता अप्पा म्हणाले, त्या कुत्र्याला पण डॉक्टर पाहिजे, मला पण पाहिजे. चौदा वर्षांत पहिल्यांदा बोलले हो असं.

श्वानपथक_निवृत्त

बेटा, हे वाचून डोळे भरून आले. आता वेळ घालवू नको. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून, मानसोपचाराचा रेफरल घे, पुण्याला कमांड हॉस्पिटलला दाखवता येईल. तोपर्यंत रात्री फार झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलतात, आणि फौजींसाठी त्याचा वेगळा सेल पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. लाज वाटून घेऊ नका म्हणावं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये गाइड डॉगची पहिली शाळा निघाली, कुत्र्यांचं हे सगळं काम फौजींसाठीच सुरू झालंय. कुत्रा नंतर बघू, डॉक्टर म्हणाले तर मी स्वतः येईन तुमच्यासोबत निवडायला, दोन वर्षं लागली तर लागू दे.

पशुवैद्य_होटगीरोड

काटेरी साखळी आणि ती भीती, याबद्दल तारीख, वेळ आणि जे दिसलं ते लिहून ठेवा. प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडं अर्ज द्यायचा झाला तर मी सोबत सही करतो. ब्रूनोचं पण बघायला पाहिजे कुणीतरी.

फौजीची_लेक

सर, अर्ज लिहिलाय, उद्या तुमच्या क्लिनिकला घेऊन येते. अप्पा पण येतो म्हणतायत, त्यांना ब्रूनोबद्दल काय दिसलं ते स्वतः सांगायचंय.

रेफरल सोमवारी मिळाला. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची आहे, सकाळची. हुतात्मा सोडून आदल्या रात्री निघावं असं चाललंय, कमांड हॉस्पिटलजवळ माजी सैनिकांसाठी राहायची सोय कुठं आहे, कुणी राहिलंय का तिथं? आईला पण सोबत न्यायचंय, तिला जिना चढता येत नाही.